एका घरातले तीन हिशेब

वजन कमी करण्यासाठी रोज किती कॅलरी खाव्यात, हा प्रश्न आजकाल आपल्या स्नेहमेळाव्यांत आणि लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. विचारणाऱ्याला उत्तरादाखल एकच आकडा हवा असतो, आणि बहुतेक वेळा कोणीतरी 'बाराशे' असा आकडा सांगूनही टाकतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, पस्तीस वर्षे बँकेत काढली. समोरच्या माणसाचे उत्पन्न किती, खर्च किती, हे न विचारता त्याला किती कर्ज झेपेल ते सांगण्याची आम्हांला सवय नाही. शरीराच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी, असे मला वाटते. ते कसे, हे आमच्याच घरातील तीन माणसांच्या उदाहरणांवरून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम कॅलरी म्हणजे काय ते पाहू. ते ऊर्जेचे माप आहे. वस्तूच्या वेष्टनावर 'किलोकॅलरी' असे लिहिलेले असते, तिलाच आपण बोलण्यात कॅलरी म्हणतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेले कोष्टक आजही वापरात आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा एक ग्रॅम प्रथिने यांतून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण दिवसभर अंथरुणात पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत, श्वासोच्छ्वास यांवर ऊर्जा खर्च होतच असते, आणि बैठे काम करणाऱ्याच्या एकूण खर्चाचा सर्वांत मोठा भाग हाच असतो. हालचालीचा खर्च त्यावर चढतो. आधी हा एकूण खर्च काढावा, मग त्यातून थोडे वजा करावे. जे उरते तेच आपल्या प्रश्नाचे उत्तर.

माझ्यापासून सुरुवात करतो. निवृत्तीनंतर चौसष्टाव्या वर्षी तपासणी केली, तेव्हा वजन ८२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ टक्के होता. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आमच्या वडिलांची दृष्टी अखेरच्या काळात मधुमेहाने हिरावून घेतली होती. ज्यांनी आयुष्यभर चोपड्या लिहिल्या, त्यांना शेवटी नातवाकडून वर्तमानपत्र वाचून घ्यावे लागे. त्यामुळे डॉक्टरांनी "सात-आठ किलो वजन उतरवा" असे सांगितले, तेव्हा ती सूचना माझ्यासाठी केवळ शोभेची नव्हती.

आहारतज्ज्ञ वापरतात ते एक साधे सूत्र आहे. किलोतील वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. त्यातून वयाची पाचपट वजा करावी. पुरुष असल्यास ५ मिळवावेत, स्त्री असल्यास १६१ वजा करावेत. हा विश्रांतीचा खर्च झाला. माझा आला १,५५५. बैठ्या माणसाने त्याला १.२ ने गुणायचे असते, म्हणजे माझा दिवसाचा एकूण खर्च सुमारे १,८६५ कॅलरी. त्यातून चारशे वजा करून मी १,४५० ते १,५०० हा आकडा ठरवला. सूत्र अंदाजाचेच असते, प्रत्यक्ष खर्च त्याहून थोडा कमी-जास्त असू शकतो; परंतु सुरुवात करायला ते पुरेसे आहे.

आता आमच्या सौभाग्यवती. वय ६१, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, आणि जिने चढताना गुडघे बोलत. विश्रांतीचा खर्च १,१०४. घरकाम आणि रोजचे चालणे धरून १.३७५ ने गुणल्यावर सुमारे १,५२०. त्यांना बाराशेचा आकडा बरोबर बसतो, कारण तूट तीनशेच्या आसपास राहते.

तिसरा माझा पुतण्या. वय २६, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७५ किलो. धाकट्या बंधूंच्या भुसार दुकानात दिवसभर गोदामात उभा असतो आणि पहाटे व्यायामशाळेत जातो. लग्न चार महिन्यांवर आलेले. "काका, मोबाईलवरच्या ॲपने बाराशे सांगितले आहेत," असे तो म्हणाला, आणि तिसऱ्या आठवड्यात गोदामात मालाची मोजणी करता करता चक्कर येऊन खाली बसला. त्याचा हिशेब केला, तेव्हा विश्रांतीचाच खर्च १,७०० निघाला. हालचालीसह सुमारे २,६३५. म्हणजे बाराशे खाऊन तो रोज चौदाशेहून अधिक कॅलरींची तूट सोसत होता. जो आकडा काकूंसाठी योग्य, तो काकांसाठी कडक आणि पुतण्यासाठी उपासमार. त्याला २,१०० वर आणले. तीन महिन्यांत चार किलो वजन उतरले आणि लग्नात तो हसतमुखाने उभा राहिला.

उपासमार हा शब्द मी सहज वापरलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे त्यांच्या आधीच्या खुराकाच्या सुमारे निम्म्यावर, म्हणजे साधारण १,५७० कॅलरींवर ठेवले. त्यांना भरपूर चालावेही लागे. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर अशक्तपणा, थंडी वाजणे, चिडचिड, उदासी आली आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विचार उरेना. माझ्यासारख्या बैठ्या वृद्धाला जो आकडा सोयीचा, त्याच्याच आसपास ते तरुण खंगले. आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो कोणाचा आहे, ते आधी विचारले पाहिजे.

म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि वजन घटवतानाही आहार एक हजार कॅलरींच्या खाली जाऊ नये, असे सांगितले आहे. अतिवेगाने वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. साठीनंतर गमावलेले स्नायू परत मिळवणे कठीण असते, म्हणून मूग, मटकी, चणे, दूध, दही, ताक यांचा वाटा कमी करू नये, आणि चालण्यासोबत थोडा ताकदीचा व्यायामही करावा.

मग कपात कोठे करावी? सर्वप्रथम तेल-तुपात. त्यासाठी प्रत्येक घास तोलण्याची गरज नाही, महिन्याची किराणा यादी काढली तरी पुरे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४५ कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. तेच तीन लिटरवर आणले, तर माणशी रोज १३५ ते १४० कॅलरी वाचतात आणि फोडणीची चवही जात नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. शेव-फरसाणाचाही हिशेब त्याच घरातला. पेढीवर गिऱ्हाइकाबरोबर दिवसाकाठी पाच चहा होतात. प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर दोनशे कॅलरी साखरेच्याच झाल्या. आमच्या घरी चौविहार पाळला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवणे हा उत्तम परिपाठ आहे, पण घाईच्या वेळी ताटात खाखरा, गाठिया आणि पापड एवढेच आले, तर पोट लवकर भरत नाही आणि कॅलरी मात्र भरपूर जमा होतात. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी नसते, तेव्हा तर हे अधिकच होते. अशा दिवशी मुगाची पातळ डाळ, कढी, मोजक्या तेलातील कडधान्य असा बेत करता येतो.

येथे ऊणोदरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. बाह्य तपांमध्ये अनशनाच्या पाठोपाठ तिचे स्थान आहे, आणि पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस कवल, स्त्रीचा अठ्ठावीस, त्याहून कमी घेणे ही ऊणोदरी, असे आपण व्याख्यानांतून ऐकत आलो आहोत. तिचा हेतू आत्मसंयमाचा आहे. तिला वजनकाट्याशी जोडणे योग्य नव्हे. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे की, तेथेही स्त्री-पुरुषांची मापे वेगळी आहेत आणि न्यूनता प्रत्येकाने आपल्या पूर्ण आहारातून धरायची आहे.

माझे वजन दहा महिन्यांत ८२ वरून ७४ किलोवर आले. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, त्या हिशेबाने ते अधिक उतरायला हवे होते. पण शरीर हलके झाले की त्याचा खर्चही घटतो. आज माझा खर्च साडेसतराशेच्या आसपास आहे, म्हणजे पूर्वीच्याच आहारात आता तूट कमी पडते. दर चार-पाच किलोंनंतर हिशेब नव्याने मांडावा लागतो, हे ज्यांना ठाऊक नसते ते वजन थांबले की निराश होऊन सगळेच सोडून देतात. साखरेचा आकडा ५.७ वर आला आहे. डॉक्टरांनी औषध सुरू केलेले नाही.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार घटवू नये, रक्तातील साखर एकाएकी खाली येऊ शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयाची मुले यांना हा हिशेब लावूच नये. बाकीच्यांनी वही, वजनकाटा आणि शिवणकामाची टेप एवढे साहित्य घ्यावे. आठवड्यातून एकदा ठराविक वारी, सकाळी उपाशीपोटी वजन नोंदवावे. महिन्यातून एकदा कमर मोजावी. आपल्याकडील पुरुषांची कमर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे भारतीय तज्ज्ञ सांगतात. आणि घरातील प्रत्येकासाठी वहीचे पान वेगळे ठेवावे. सासूचा आकडा सुनेला आणि वडिलांचा मुलाला लावू नये.