गल्ल्याच्या पलीकडून

व्यापारी घरात हिशेब लिहिण्याची सवय पिढ्यानपिढ्या असते, आत्मचरित्र लिहिण्याची मात्र क्वचितच. आमच्या शिरूरच्या घरात माळ्यावर वह्यांचे गठ्ठे आहेत. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, आणि आत फक्त नावे, तारखा व रकमा. माणूस त्या काळी कसा जगला, काय खाल्ले, कशाला घाबरला, याची एक ओळही त्यांत सापडत नाही. कदाचित म्हणूनच निवृत्तीनंतर मला इतरांची आत्मकथने वाचण्याचा छंद लागला.

सुरुवात आपल्याच माणसापासून केली. जौनपूरचे श्रीमाल जैन बनारसीदास यांनी १६४१ मध्ये आग्र्यात ‘अर्धकथानक’ लिहिले. माणसाचे आयुष्य एकशेदहा वर्षांचे धरून आपल्या पंचावन्न वर्षांना त्यांनी अर्धी कथा म्हटले. व्यापारात वारंवार आलेले अपयश, एकामागून एक गेलेली नऊ अपत्ये, श्रद्धेचे चढउतार, सारे काही त्यात आहे आणि कोठेही स्वतःची बाजू सजवलेली नाही. मला सर्वांत भावला तो एक साधा प्रसंग. आग्र्यात खिसा रिकामा झालेला हा व्यापारी एका कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवतो. आपल्याजवळ पैसे नाहीत हे तो सांगूनही टाकतो, तरी विक्रेता त्याला खाऊ घालतच राहतो. उधारीच्या दुसऱ्या बाजूला बसलेला आपला पूर्वज मी प्रथमच पाहिला.

त्यानंतर वाचनाची दिशा आपोआप घराजवळ वळली. शिरूरहून न्हावरे, चौफुला मार्गे दौंडला जाताना वाटेत केडगाव लागते. तेथील मुक्ती मिशन लहानपणापासून बाहेरून पाहिलेले. ज्यांनी ते उभारले त्यांची कहाणी मात्र उशिरा वाचली. पंडिता रमाबाईंचे आई, वडील व थोरली बहीण १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेले. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे ते विद्वान कुटुंब अन्नाविना संपले. उरलेली दोन भावंडे पायी उत्तर हिंदुस्थान ओलांडून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. पुढे त्यांनी धर्म बदलला, त्यावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, आणि त्या निर्णयाविषयी आजही मतभेद असू शकतात. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना केडगावी आणणारी बाई उपास म्हणजे काय हे पुस्तकातून शिकली नव्हती, एवढे १९०७ मधले त्यांचे आत्मनिवेदन वाचल्यावर निश्चित कळते. आपण पर्युषणात स्वेच्छेने उपवास करतो. निरुपायाने घडलेला उपास ही वेगळीच गोष्ट आहे, आणि दोहोंसाठी आपली भाषा जवळजवळ एकच शब्द वापरते, हे मला त्या दिवसांत फार खटकले.

याच परिसराचे आणखी एक प्रकरण आहे, ज्याचा उल्लेख आपल्या बैठकांत सहसा होत नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे येथे एका मारवाडी सावकाराने देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांच्या घरावर हात घातला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंडकडचा मुलूखही त्याच तालुक्यात येई. जमावाने जीव क्वचितच घेतले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि हाती लागलेले कागद त्यांनी जाळले. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्या सावकारांत मारवाडी व गुजर मोठ्या संख्येने होते. आपल्या समाजाचेही होते. आयोगाचा अहवाल आहे, पण जळालेल्या रोख्यातील कुणब्याने किंवा दार लावून आत बसलेल्या सावकाराच्या बायकोने लिहिलेले एक पान आपल्याजवळ नाही. आमच्या घरात तर त्या वर्षाची साधी दंतकथादेखील नाही. दोन्ही बाजू मुक्या राहिल्या.

ज्यांना बोलता आले त्यांनी किती अडचणीत लिहिले हे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ मधून समजते. पुरंदर तालुक्यातील वीरगावच्या महारवाड्यात त्यांचे बालपण गेले. संसार फलटणला झाला. दुकानात सामान बांधण्यासाठी आणलेली रद्दी त्या वाचत, आणि स्वतःचे लिखाण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवत. १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. त्यात दुकानापासून लांब उभे राहून सामान मागणाऱ्या बायका आहेत. आम्ही गल्ल्याच्या ज्या बाजूला बसून ते दृश्य पाहिले, त्याच्या समोरच्या बाजूने ते लिहिलेले आहे. पुस्तक वाईट वाटून घेण्यासाठी वाचावे असे माझे मत नाही. ते नीट पाहण्यासाठी वाचावे.

दौंडला माझ्या भुवासा राहतात. वय शहाऐंशी. तिशीच्या आत वैधव्य आले आणि दीर-भावांनी नको म्हणताही त्यांनी किराणा दुकान चालवले. दृष्टी मंदावली असल्याने चातुर्मासात दुपारी मी त्यांना हे पुस्तक वाचून दाखवले. त्या मध्येच थांबवत, एखादे वाक्य पुन्हा वाचायला सांगत. लिखाण लपवल्याचा मजकूर आला तेव्हा म्हणाल्या, “कुठं लपवलं असेल रे? बाईला घरात स्वतःची जागा असते कुठं?” दुकानाचा भाग आला तेव्हा मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच बोलल्या, “आपल्याकडेही पाण्याचा तांब्या वेगळा होता. मी आल्यावरही काही वर्षं होता.”

“मग गेला कसा?”

“मीच एक दिवस उचलून आत ठेवला. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत.”

हे आमच्या कोणालाच ठाऊक नव्हते. मी नवी वही आणली आणि लिहून घेतो म्हणालो. त्यांनी आधी हसण्यावारी नेले. आपल्यासारख्यांचे लिहिण्याजोगे काय असते, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तरी दर रविवारी मी दौंडला जातो, त्या सांगतात, मी लिहितो. शब्द त्यांचेच ठेवतो, मारवाडी आले तर मारवाडी. मुलांना ते वाचताना अडचण येईल अशी तक्रार सूनबाईंनी केली आहे. ती खरीही आहे.

सध्या आम्ही १९७२ च्या दुष्काळापर्यंत पोहोचलो आहोत. रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया, तिथली सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि त्याच्या न जमणाऱ्या भाकरी, हे सारे त्यांना तपशीलवार आठवते. त्या वर्षी दुकानातून किती उधार गेले, हे विचारले की त्या विषय बदलतात. माळ्यावरच्या गठ्ठ्यात नेमकी तेवढ्याच सालाची वही नाही.