पासपोर्टवरचा शिक्का

आखातात नोकरी लागली की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. पगार किती, विमान कधी, हे सगळे विचारतात. व्हिसा कोणता मिळाला, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. आमच्या घरात हा प्रश्न भाच्याच्या निमित्ताने आला, म्हणून चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

भाचा वेल्डर आहे. नववीनंतर शाळा सुटली, पण हात चांगला. त्याने पासपोर्ट काढला तेव्हा त्यावर ‘ईसीआर’ छापून आले. म्हणजे परदेशी कामाला जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक. 1983 च्या उत्प्रवास कायद्याने ही तपासणी आली. साधारणपणे दहावी पास नसलेला कामगार सौदी, कुवेत, कतार, ओमान, दुबई अशा ठरावीक देशांत नोकरीला निघाला, तर त्याला उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. हे कार्यालय आम्हा वांद्रे पूर्वेच्या लोकांना शेअर रिक्षाच्या अंतरावर आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात ते आहे आणि पासपोर्टचे मुख्य कार्यालयही तिथेच. ही इमारत ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झाली. अर्ज ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावरून होतो.

एजंट म्हणाला, “ही कटकट कशाला? व्हिजिट व्हिसावर उडवतो. तिकडे पोचल्यावर कामाचा व्हिसा करून देऊ.” त्याने 90 हजार मागितले. बहिणीने गळ्यातले मोडायची तयारी केली होती.

त्या रात्री आम्ही सगळे घरी बसलो. भाचा म्हणाला, “मामा, ईसीआर म्हणजे अडाण्याचा शिक्का. त्या कार्यालयात जायची लाज वाटते.” आमच्या आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “तो परत कसा येणार, ते लिहिलंय का त्या कागदात?” कागदात तसे काहीच नव्हते. पगाराचा आकडासुद्धा एजंटने तोंडी सांगितला होता.

व्हिजिट व्हिसा हा पाहुण्याचा कागद आहे. पाहुण्याला काम करता येत नाही. तरी कामाला ठेवले आणि मालकाने पगार बुडवला, तर दाद मागायला गेलेला माणूसच गुन्हेगार ठरतो. मुदत संपली की दंड चढतो. कामाच्या व्हिसावर गेलेल्याला तिथे गेल्यावर राहण्याचा परवाना मिळतो. सौदीत त्याला इकामा म्हणतात. तोही तात्पुरताच असतो, ठरावीक मुदतीचा आणि मालकाच्या नावाशी बांधलेला. पण त्यावर बँकेत खाते उघडते, दवाखान्यात नाव लागते आणि पोलिसाने अडवले तर दाखवायला हाताशी काही असते. माणूस तोच आणि कामही तेच असते, पण या एका कागदाने जगणे बदलते.

संरक्षकाच्या तपासणीत पाहतात ते हेच. मालक खरा आहे का, करारात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचे भाडे लिहिले आहे का, एजंटकडे परवाना आहे का. ईसीआर कामगाराला प्रवासी भारतीय विमाही सक्तीने काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास संरक्षण 10 लाखांचे. एजंटची फी 30 हजार रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त नसावी, असा नियम आहे. 90 हजार मागणारा तपासणी का चुकवत होता, ते आम्हाला तेव्हा कळले.

लाजेचे म्हणाल, तर भाच्याचे अगदीच चूक नव्हते. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचे वेगळे पासपोर्ट देण्याचे जाहीर केले होते. कमी शिकलेल्या कामगाराची ओळख विमानतळावर लांबूनच पटावी, हे अनेकांना खटकले. देशभर विरोध झाला आणि त्याच महिन्यात तो विचार सोडून द्यावा लागला. वेगळी खूण अंगावर वागवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. म्हणून तो विरोध योग्यच होता. पण रंगाला विरोध करताना तपासणी टाकून देऊ नये. रंगाने माणूस वेगळा काढला जातो, तपासणी मात्र त्याच्या मालकाची आणि एजंटची होते.

आपले आजे-पणजे गावाहून मुंबईत गिरणीत आले, तेव्हा दारात जॉबर उभा असे. त्याचा हात ओला केल्याशिवाय काम नाही. कागद काही नाही, सगळे त्याच्या मर्जीवर. आजचा विनापरवाना एजंट हा त्याच जॉबरचा भाऊबंद आहे. फरक एवढाच की जॉबरने काढून टाकले तर माणूस चालत चाळीत परत येई. आखातातून चालत येता येत नाही.

भाचा पुढे चार महिन्यांनी गेला, परवानाधारक एजंटमार्फत आणि कामाच्या व्हिसावर. वाट पाहताना घरात कुरबुर झाली, शेजारचा एक मुलगा आधी उडाला तेव्हा तर जास्तच. पण बहिणीचे गळ्यातले गळ्यात राहिले. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विम्याची झेरॉक्स आमच्या पेटीत आहे. तिकडे पोचल्यावर दुसराच करार पुढे केला, तर सही करण्याआधी घरी फोन करायचा, हे त्याला बजावले आहे. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नसतो. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, असे त्या पुस्तिकेतच छापलेले आहे.

ज्यांची मुले दहावी पास आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावे. त्यांच्या पासपोर्टवर हा शिक्का नसतो आणि त्यामुळे त्यांचा करार तपासायलाही कुणी बसलेले नसते. ते काम घरच्यांनाच करावे लागते. म्हणून पेढे आणण्याआधी करार मागून घ्या. घरातल्या शिकलेल्या मुलीला तो सर्वांसमोर मोठ्याने वाचायला सांगा, आणि परत येण्याचे कुठे लिहिले आहे, ते आधी शोधा.