एसटी वर गेली

ईसीजीची पट्टी उजेडात धरून डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या, "एसटी वर गेलीय." कॉटवर पडलेल्या मामांनी डोळे न उघडताच विचारलं, "कुठल्या घाटात?"

तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. छातीत कळा येत असल्या, तरी या दोन अक्षरांत त्याला लाल गाडीच दिसणार. डॉक्टरांची एसटी वेगळी. आइनथोव्हेन नावाच्या डच शास्त्रज्ञानं हृदयाच्या आलेखातल्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशी ओळीनं नावं दिली. १९२४ साली त्याला नोबेल मिळालं ते याच आलेखापायी. एस संपून टी सुरू होईपर्यंतची वाट सपाट असावी लागते. मामांच्या पट्टीवर रेघ सुळक्यावरून उतरायचं विसरून दोन-तीन बारीक घरं वरच रेंगाळली होती. म्हणजे धमनी तुंबलेली.

मामांना आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसून नको ते विचार टाळायला एसट्या मोजत राहिलो.

मामांची एसटी १ जून १९४८ला नगर-पुणे रस्त्यावर पहिल्यांदा धावली. पण 'स्टेट ट्रान्सपोर्ट' असं आमच्या गावात कधी कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. गावानं तिची यष्टी केली, तिला बाईमाणूस केलं, प्रत्यय लावले : यष्टीनं जा, यष्टीला गर्दी, यष्टीत उलटी. विभक्ती लागली की आद्याक्षरांचा शब्द होतो, असं माझं आपलं व्याकरण. जुन्या बिलांवरच्या सेल्स टॅक्सच्या एसटीला हे भाग्य लाभलं नाही. बीएसटी नंबर, सीएसटी नंबर. छापले आणि गेले. त्यातली सीएसटी मुंबईच्या स्टेशनाचीही झाली होती, तिच्यातही २०१७ साली 'एम' शिरला. आमची आजी शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायची.

आणखी एक एसटी माझ्या जव्हारकडच्या मित्राची, अनुसूचित जमातीची. कॉलेजात प्रवेश घ्यायला आला, तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "एसटीतून का?" यानं "हो" म्हणून खिशातलं तिकीट पुढे केलं. कारकुनाला हवा होता जातीचा दाखला. हा किस्सा तो स्वतःच हसत सांगतो आणि पुढे म्हणतो, "दोन्ही एसट्यांचं सारखंच रे. कागद हरवला की खाली उतरवतात." तिथं मात्र तो हसत नाही.

संध्याकाळी धमनी मोकळी झाल्यावरची पट्टी डॉक्टरीणबाईंनी आणून दाखवली. "काका, एसटी आली बरं का खाली."

मामांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, नखानं रेघ चाचपली आणि म्हणाले, "खंबाटकी उतरली म्हणायची."