स्टॅम्पवर स्टॅम्प!

थांबा, थांबा! हातातलं काम जरा बाजूला ठेवा! मला एक गंमत सापडलीय आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही! आधीच सांगते, मी तिकिटं जमवत नाही, इतिहास शाळेत शिकले तेवढाच, आणि इंग्रजीचं तर विचारूच नका. भोरची आहे, एवढीच काय ती पात्रता!

तर जुन्या टपाल तिकिटांची एक जाडजूड इंग्रजी यादी हाती लागली. स्टॅन्ली गिबन्सची. तिकिटवेड्यांची ती पोथीच म्हणे! उगाच चाळत होते, तर संस्थानांची पानं आली, आणि मग भोपाळ आलं, आणि मग भोपाळच्या खाली, अहो, भोर! आपलं भोर! नीरेकाठचं, राजवाड्याचं, एसटी स्टँडवर वेल्ह्याच्या गाडीची वाट बघायला लावणारं भोर! आपल्या या एवढ्याशा संस्थानाने १८७९ साली स्वतःची टपाल तिकिटं काढली होती! एक अर्ध्या आण्याचं, एक आण्याचं! किरमिजी रंगाची! तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! राजवाड्यावरून इतक्यांदा गेलेय, तिथे सिनेमाचं शूटिंग बघायला टाचा उंचावून उभी राहिलेय, पण तिकिटाचं कुणी बोललं नाही!

आणि मग पुढचा शब्द वाचला आणि गाडी अडली. हे स्टॅम्प कसे? तर म्हणे, हँडस्टॅम्प्ड!

आँ? स्टॅम्प म्हणजे तिकीट ना? मग तिकीट हातानं तिकिटलेलं म्हणजे काय?

हसा! हसून घ्या! स्टॅम्प म्हणजे शिक्कासुद्धा, हे काय मला ठाऊक नव्हतं? ग्रामपंचायतीत सरपंचांच्या टेबलावर तो रबरी स्टॅम्प असतोच की! पण हे दोन स्टॅम्प एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेले मी कधी पाहिलेच नव्हते. आपल्याकडे त्यांची गाठच पडत नाही हो! पत्राला लावतो ते तिकीट, दाखल्यावर उमटतो तो शिक्का, आणि तहसील कचेरीबाहेर विकत घेतो तो स्टॅम्प पेपर, ज्याला सरकार गंभीर चेहऱ्याने मुद्रांक म्हणतं. तिघांची घरं वेगळी! इंग्रजी मात्र तिघांना एकाच नावाने हाक मारतं. (आणि ‘तिकीट’ हा आपला शब्द तरी कुठला? तोही इंग्रजीतूनच उचललेला! म्हणजे त्यांनी ज्याला तिकीट म्हटलं नाही त्याला आपण त्यांच्याच शब्दाने तिकीट म्हणतो! डोकं गरगरतं की नाही?)

आता माझ्याबरोबर १८७९ सालात या. छापखाना नाही, यंत्र नाही. हातकागद घ्यायचा, कुठे जाड, कुठे पातळ. ठसा शाईत बुडवायचा आणि दाबायचा. झालं तिकीट! पुन्हा दाबायचा. झालं दुसरं! हाताने कळ्या पाडलेले मोदक जसे दोन सारखे निघत नाहीत, तशी ही तिकिटं, एकाची शाई फिकी, दुसऱ्याची गडद! कडेला ते दाते नाहीत, पाठीला गोंद नाही. नुसता कागदावर उमटलेला शिक्का. म्हणजे शिक्का हेच तिकीट! इंग्रजीतले दोन्ही अर्थ आमच्या भोरच्या कागदाच्या तुकड्यावर एकाच जागी! मी उठून खोलीत दोन चकरा मारल्या, खोटं नाही सांगत!

आणि मग अर्थातच झोप उडाली, आणि मग मी शोधत सुटले की हा शब्द शिक्क्यावरून तिकिटावर घसरला तरी कसा, आणि मग भेटले रोलंड हिल! इंग्लंडच्या टपालाला वळण लावणारे गृहस्थ. १८३७ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि तीत सुचवलं, की एक कागदाचा तुकडा घ्या, शिक्का मावेल एवढाच, आणि त्याच्या पाठीला गोंद लावा. वाचलंत? शिक्का मावेल एवढा! स्टॅम्प म्हणजे अजून शिक्काच, आणि कागद बिचारा त्याला पाठीवर घेणारा हमाल! १ मे १८४० रोजी पेनी ब्लॅक नावाचं तिकीट निघालं, लोक ते चिकटवू लागले, आणि नाव हमालालाच पडलं! मग १८५२ मध्ये सिंध प्रांतात आशियातली पहिली तिकिटं निघाली, तीही दाबून उठाव आणलेली, आणि त्यांतल्या पांढऱ्यावर तर रंगच नाही! नुसता उठाव! कागदावर दाब दिला की झाला स्टॅम्प!

शिक्का झाला, तिकीट झालं, आता उरला तिसरा! अमेरिकेतला १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट आठवतो? ज्यावरून तिथल्या वसाहती इंग्रजांवर चवताळल्या? मी आजवर समजत होते, पत्रं महाग झाली असणार! छे! पोस्टाचा संबंधच नाही! वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांचे जोडसुद्धा, सगळ्यावर सरकारी छाप हवा आणि छापाचे पैसे हवेत. म्हणजे आपला स्टॅम्प पेपरच की! आणि आपल्याकडे हे दोघे चुलतभाऊ एकाच घरी जन्मतात, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये! १९२५ सालची ती प्रेस टपालाची तिकिटंही छापते आणि स्टॅम्प पेपरही!

पण खरी गंमत अजून सांगितलीच नाही! बसा!

भोरचे राजे कोण? पंत सचिव. आता हे सचिव म्हणजे काय, हा प्रश्न मला या वयात पडला! शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतलं हे पद. राज्याभिषेकाच्या वेळी अण्णाजी दत्तो सचिव होते, पुढे राजाराम महाराजांच्या काळात पद आलं शंकराजी नारायण यांच्याकडे, आणि त्यांच्याच घराण्याचं हे संस्थान. आणि सचिवाचं काम? राजपत्रं तपासायची, मजकुरात कमीजास्त असेल ते शुद्ध करायचं आणि त्यावर आपली संमतीची खूण करायची! कागदावर खूण! ज्या घराण्याचं पदच कागदावर खूण करण्याचं, त्याच घराण्याच्या संस्थानाने पुढे हाताने शिक्का मारून तिकिटं काढली! याचा त्याच्याशी काही संबंध असेलच असं नाही, मला माहितेय, मी वाहवत चाललेय, पण तुम्हीही थोडे वाहवा ना! तो राजगड बघा तिकडे, वेल्ह्याच्या बाजूला. रायगडाआधीची राजधानी! तिथून पत्रं निघायची, वर शिक्का, शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला, खाली कुणी ओळ घुसडायची नाही. आपण ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो ते हेच! सगळं जुनंच आहे आणि मला आत्ता कळतंय!

१९०१ मध्ये भोरने आणखी एक अर्ध्या आण्याचं तिकीट काढलं, लाल, शंकरराव पंत सचिवांच्या चित्राचं. ते मात्र रीतसर छापलेलं. देखणं असेल, पण माझा जीव त्या किरमिजीवर!

आता तुम्ही सामीलच झाला आहात, तर एक काम करा. माळ्यावरच्या ट्रंका उघडा! आजोबांची पत्रं काढा! आणि कुठल्याही संस्थानाचं तिकीट दिसलं तर ते वाफेवर धरून सोडवू नका, पाया पडते! टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर असतो आणि अर्धा पाकिटावर. गाव आणि तारीख दोघांत मिळून वाचायची असते. पाकिटासकट ठेवा, आणि आधी मला दाखवा!