वळणावर कुठे बघायचं?

मैत्रिणींनो, तुम्ही हसाल हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे. वय वर्षं सत्तेचाळीस, गुडघे अधूनमधून कुरकुरतात, आणि पुढच्या शनिवारी मी चेन्नईजवळच्या रेसट्रॅकवर मोटारसायकल चालवायला निघाले आहे! शर्यत नाही, बरं का. ह्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. पैसे भरायचे, आपली गाडी न्यायची आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली दिवसभर फेऱ्या मारायच्या. पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. सासूबाई म्हणाल्या, “मग एवढ्या लांब कशाला? इथंच मार की फेऱ्या, बीड बायपासला!”

त्यांचंही चुकत नाही म्हणा. आमचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, हे दुचाक्यांचं गाव. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवतीनं सुटे भाग करणारे कितीतरी लहान कारखाने उभे राहिले. आमचे हेही अशाच एका कारखान्यात आहेत. मी स्वतः माहेरी लूनावर शिकले. १९७२ साली निघालेल्या त्या चिमुकल्या गाडीनं माझ्यासारख्या कितीजणींना घराबाहेर काढलं असेल! लूनानंतर स्कूटर, स्कूटरनंतर ह्यांची पल्सर. गाडी चालवण्याची मला भीती अशी कधी वाटलीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी आणि माझी लेक घृष्णेश्वराच्या दर्शनाला वेरूळला गेलो होतो. परतताना दौलताबादच्या घाटात एका वळणावर मला बारीक खडी दिसली. घाबरून मी वळणातच पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं मला आठवतं ते आडवं आडवं आठवतं. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. लेकीचा गुडघा सोलवटला, बाकी देवाच्या दयेनं काही नाही.

माझं हाड सहा आठवड्यांत सांधलं. पण तेव्हापासून लेक माझ्यामागे गाडीवर बसलेली नाही. बोलत काही नाही ती. “रिक्षानं जाते गं,” एवढंच. आणि मलाही वळण आलं की हात लाकडासारखे होतात. जालना रोडच्या सरळ रस्त्यावर मी शूर, वळणावर भित्री!

ट्रॅक डेबद्दल ह्यांच्या एका मित्रानं सांगितलं. म्हणाले, “वहिनी, तुम्हाला वेग शिकायचा नाही, ब्रेक आणि वळण शिकायचंय. ते घाटात शिकू नका. समोरून ट्रक येत नाही, गुरं आडवी येत नाहीत, अशा जागी शिका.” मला ते पटलं. आपल्याकडची मुलं रविवारी पहाटे घाटात जे करतात, ते करण्यासाठीसुद्धा खरी जागा हीच.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै इथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक आहे. १९९० पासूनचा, सुमारे पावणेचार किलोमीटरचा, बारा वळणांचा. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानांच्या धावपट्टीवर व्हायच्या. आपल्याच देशातली बंगळूरची ऐश्वर्या पिस्से २०१९ साली मोटारसायकलच्या बाहा शर्यतींत महिलांचा जागतिक चषक जिंकून आली. मी काही ऐश्वर्या होणार नाही, पण वाट नवी नाही एवढा धीर आला.

आता तयारीचं सांगते. आधी गाडी. मुलीच्या लग्नाआधी घर झाडून काढतो ना, तशी काढली! ब्रेकचे पॅड नवे, ब्रेकचं तेल नवं, साखळीचा ताण बरोबर, टायरची नक्षी शाबूत. कुठं थेंबभर तेल गळत असेल तर तुम्हाला ट्रॅकवर सोडतच नाहीत, कारण त्या थेंबावरून मागची माणसं घसरतात. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी इंजिन थंड ठेवणारं कूलंटही काढून साधं पाणी भरायला सांगतात. कूलंट रस्त्यावर सांडलं की शेवाळ्यासारखं निसरडं होतं.

मग अंगावरचं. चामड्याचा सूट मी भाड्यानं ठरवला. उभं राहिलं की तो अवघडल्यासारखा ओढतो आणि गाडीवर वाकून बसलं की बरोबर बसतो, तोच मापाचा. ढगळ सूट पडल्यावर सरकतो, मग त्याचा उपयोग काय? आत पाठीला आधार देणारं कवच, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. आणि हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं. इथं एक गोष्ट सांगते. घाटात पडले तेव्हाचं हेल्मेट मी माळ्यावर जपून ठेवलं होतं. दिसायला धड, एक ओरखडा तेवढा. पण एकदा आपटलेल्या हेल्मेटच्या आतलं अस्तर दबतं, दुसऱ्यांदा ते डोकं वाचवेलच असं नाही. शेवटी काढलं, पट्टा कापला, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरायला नको, आणि टाकून दिलं. त्या दिवशी माझ्या डोक्यावरचंच ओझं उतरलं.

शरीराचं म्हणाल तर दोन महिने रोज सकाळी वीस बैठका आणि पोटाचे व्यायाम. गाडी मांड्यांनी धरायची असते, हातांनी लोंबकळायचं नसतं. ट्रॅकवर उन्हात चामडं घालून घाम निथळतो, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं सरबत दर खेपेनंतर. आदल्या रात्री जड जेवण नाही, जागरण नाही.

निशाणं पाठ केली, शाळेतल्या पाढ्यांसारखी. पिवळं म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही. लाल म्हणजे सावकाश परत या. निळं म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. चौकटीचं म्हणजे फेरी संपली.

आणि खरा धडा. चिकलठाण्याकडे ओळखीच्या एका कारखान्याच्या आवारात, परवानगी काढून, मी सुट्टीच्या दिवशी घासघासून सराव केला. टायरला पकड असते ती ठरावीकच. घरखर्चाच्या पैशांसारखी. सगळी ब्रेकवर उधळली तर वळायला काय उरणार? म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं. घाटात मी नेमकं उलटं केलं होतं. खडीनं पाडलं नाही हो मला, माझ्या घाबरण्यानं पाडलं. हे कबूल करायला दोन वर्षं लागली.

गाडी उद्या रेल्वेच्या पार्सलनं जायची आहे. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, ते यजमानांनी काढलं. काल रात्री मी अंगणात दिव्याच्या काचेवर चिकटपट्टी लावत होते. पडलीच गाडी तर तुकडे पसरू नयेत म्हणून. लेक दारात उभी होती. थोड्या वेळानं येऊन बसली आणि पट्टीचे तुकडे कापून देऊ लागली.

“आरसे का काढलेस?”

“तिथं मागं बघायचं नसतं. मागच्यानं पुढच्याला सांभाळायचं, असा नियम आहे.”

“आणि वळणावर कुठं बघायचं?”

“जिथं जायचंय तिथं. आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते.”

जरा थांबून तिनं विचारलं, “तेव्हा तू कुठं बघत होतीस?”

“खडीकडे,” मी म्हटलं. “नंतर कठड्याकडे.”

ती काही बोलली नाही. कात्रीनं एक पट्टी सरळ कापली, त्यावर शाईच्या पेनानं माझा रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिला आणि माझ्या नव्या हेल्मेटवर मागच्या बाजूला नीट चिकटवली. मग म्हणाली, “आल्यावर मला हिमायतबागेपर्यंत सोडशील? गावातल्या गावात हं. घाटात नाही.”

घाटाचं बघू पुढे. मैत्रिणींनो, शनिवारी पहिल्या दोन फेऱ्या मी अगदी सावकाश मारणार आहे. टायर थंड असतात ना!