पणाला लागलेली माणसे

दोन-तीन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातून एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. पाकीट फोडण्याआधी नजर खिळली ती त्यावरच्या एका तिकिटावर. जपानी चेहरेपट्टीचा एक तरुण सैनिक आणि सोबत अक्षरे, 'गो फॉर ब्रोक'. टपालाच्या शिक्क्याची एक रेघ त्याच्या गालावरून गेली होती.

हे तिकीट अमेरिकेच्या टपाल खात्याने ३ जून २०२१ रोजी काढले, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या गौरवार्थ. चित्राला आधार आहे तो १९४४ साली फ्रान्समधील एका रेल्वे स्थानकावर टिपलेल्या छायाचित्राचा. तिकिटासाठीची मोहीम २००५ मध्ये तीन निसेई, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीतील, स्त्रियांनी सुरू केली होती. 'गो फॉर ब्रोक' हे या सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटचे घोषवाक्य. मूळ शब्द हवाईतील जुगाऱ्यांच्या बोलीतले.

एम.ए.च्या भाषांतराच्या तासाला मी ते फळ्यावर लिहिले. 'सर्वस्व पणाला लावा' हे उत्तर चटकन आले. मी समाधानाने पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, पण त्यांच्याजवळ पणाला लावायला उरलं काय होतं?"

प्रश्न थेट द्यूतसभेतला होता. स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, असे द्रौपदीने विचारले होते आणि सभा निरुत्तर झाली होती. इथे तर डाव राज्यसत्तेनेच मांडला होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून काटेरी तारांमागच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. पुढे १९४३ मध्ये त्याच छावण्यांत एक प्रश्नावली फिरली. सैन्यात लढायला तयार आहात का? अमेरिकेशी निखळ निष्ठेची शपथ घेता का? हवाईतल्या स्वयंसेवकांबरोबर या छावण्यांतूनही तरुण भरती झाले. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरांत वेढ्यात सापडलेल्या टेक्सासच्या एका बटालियनमधील २११ जणांना सोडवताना या रेजिमेंटचे शेकडो सैनिक ठार वा जखमी झाले. कित्येकांचे आईवडील तेव्हाही तारांच्या आतच होते.

आणि ज्यांनी 'नाही' म्हटले त्यांचे काय? जॉन ओकाडा यांची 'नो-नो बॉय' ही १९५७ ची कादंबरी मी या प्रश्नानंतर वाचली. सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगवास भोगलेला तिचा नायक घरी परततो, तेव्हा त्याला कुठेच जागा उरलेली नसते. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला वीस हजार डॉलर दिले. तो अन्याय साऱ्यांवरचाच होता. तिकिटावर चेहरा मात्र 'होय' म्हणणाऱ्याचाच येऊ शकतो. शौर्य कमी होते असे मला म्हणायचे नाही. पण निष्ठा सिद्ध करण्याची अटच अन्यायाची होती, हे त्या इवल्या कागदावर मावत नाही.

त्या संध्याकाळी आजोबांचे छायाचित्र काढून पाहिले. आईचे वडील साताऱ्याकडचे, मराठा पलटणीतून इटलीत लढलेले. त्याच आघाडीवर यशवंत घाडगे १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. हे ४४२ वाले सैनिकही तिथेच लढले. छायाचित्राखाली मामांनी सुबक अक्षरांत लिहिले आहे, 'देशासाठी लढले'. आजी मात्र सांगे, "दोन साल पाऊस नव्हता, पगार मिळतो म्हणून गेले." १९३९ मध्ये व्हाइसरॉयनी कोणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात उतरवले होते. फासे दुसऱ्याच कोणी टाकले होते. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी त्याच आजोबांवर बोलून ढाल जिंकली होती. त्यांना मात्र कधी काही विचारले नाही.

ते तिकीट मी पाकिटावरून सोडवले नाही. शिक्क्यासकट तसेच ठेवले आहे. दरवर्षी त्या तासाला ते वर्गात फिरवते. भाषांतर अजून 'सर्वस्व पणाला लावा' असेच करतो. कोणी लावायचे, हे मात्र आता आधी विचारतो.