वहिनीच्या कालनिर्णयावरच्या फुल्या

बरेच दिवस हे लिहायचं टाळत होते. विषयच असा, की चारचौघांत कुणी बोलत नाही. शेवटी दादाला विचारलं, तर म्हणाला, "लिही की. माझं नाव तेवढं घालू नकोस."

मे २०२३ मध्ये दादा आंब्यावरून पडला. छातीमागचा दहावा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "चालेल ना?" दादाने मात्र तिसऱ्या दिवशी वहिनीला औषधं आणायला पिटाळलं आणि मला हळूच विचारलं, "संडासचं कळेल का गं मला परत?"

त्याच सकाळी डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवून गुदद्वाराभोवती कापूस आणि टाचणी लावून बघितली होती. मग हातमोजा घालून बोट आत. "दाब कळतोय? आता आवळून धरा." मला तेव्हा कसंसंच झालं. पाय तपासायचे सोडून हे काय? नंतर समजलं, की सगळं भाकीत तिथेच असतं. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाच्या नसा तिथे जातात. तिथे थोडं जरी कळलं तरी इजा 'अपूर्ण', म्हणजे मेंदूपर्यंत एखादी वाट शिल्लक आहे. काहीच कळलं नाही आणि आवळताही आलं नाही, तर 'पूर्ण', आणि मग आशा फार कमी. पहिल्या दिवसाची तपासणी फसवी असू शकते, म्हणून ही तिसऱ्या दिवशी पुन्हा केलेली.

दादाला दाब कळला, टाचणीही अर्धवट कळली. आवळता मात्र आलं नाही.

"जाणीव सुधारेल असं वाटतं. ताब्याचं आत्ता सांगत नाही, सहा-नऊ महिने बघू," डॉक्टर म्हणाले. मला भयंकर राग आला होता. हवामान खात्यासारखं बोलणं! आज वाटतं, माणूस खरं तेवढंच बोलला.

एक गोष्ट मात्र त्यांनी छातीठोकपणे सांगितली. इजा वरच्या बाजूला असल्यामुळे आतड्याची प्रतिक्षिप्त क्रिया धक्का ओसरला की परत येईल. सपोझिटरी ठेवून बोटाने हलकं गोल फिरवलं, की आतडं आपणहून ढकलतं. मज्जारज्जूचं खालचं टोकच गेलं असतं, तर रोज हातानेच काढावं लागलं असतं. शिवाय खाल्ल्यावर आतडं हलतं, म्हणून वेळ ठरली: चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने, रोज. वहिनी हे सगळं शिकली. कशी शिकली, ते तिलाच माहीत.

कपडे खराब झाले की ती कालनिर्णयावर फुली मारायची. जुलैचं पान बघवत नव्हतं. दिवाळीत चार फुल्या. फेब्रुवारीत एकदा जेवताना दादा अचानक म्हणाला, "थांब, येतंय." संडासपर्यंत पोचला नाहीच, पण वहिनी फरशी पुसता पुसता हसत होती. आता दोन-तीन मिनिटं धरवतं. त्यापुढे सुधारणा नाही.

प्रवासाच्या आदल्या दिवशी अजूनही तो जेवत नाही. आम्ही ओरडतो, ऐकत नाही. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, रत्नागिरीला. काल टेप घेऊन कार्यालयात गेले होते. संडासचं दार बत्तीस इंच. खुर्ची जाते. दादाला फोन केला, तर म्हणाला, "आतून वळते का, ते बघितलंस?"

ते बघायचं राहिलं. उद्या परत जातेय.